वाटण्या झाल्या, आता विहीर कोण उपसणार?

कॉपी करा, नाव बदला, पाठवून द्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याचा सगळा कुळाचार या सहा शब्दांत मावतो. नवा ग्राहक आला की जुन्या ग्राहकाचे फोल्डर उचलायचे, त्यावर नव्याचे नाव घालायचे, चार ठिकाणी ठिगळे लावायची आणि रात्री उशिरा रिलीज करून मोकळे व्हायचे. कुणी याला हुशारी म्हणते, कुणी 'जुगाड' म्हणून पाठ थोपटते आणि मॅनेजरसाहेब अप्रेझलच्या कागदावर त्याला 'पुनर्वापर' असे भारदस्त नाव देतात. आम्ही याला उचलेगिरी म्हणतो. घरातल्या घरात होते म्हणून तिची फिर्याद होत नाही, एवढेच.

यंत्राचा स्वभाव एकेकाळी लोखंडात असे. आता तो चिपवरच्या कोडमध्ये असतो. पंप कधी थांबवायचा, ब्रेक किती सोडायचा, इंजिनात डिझेल नेमके कोणत्या क्षणी फवारायचे, हे सारे कोड ठरवतो. आणि एकच वस्तू बनवून पोट भरणारा कारखाना आज शोधून सापडणार नाही. एकाच पंपाचे आठ अवतार असतात, एकाच इंजिनाचे वीस. एक ट्रॅक्टरला, एक बोटीला, एक रुग्णालयातल्या जनरेटरला. आता गंमत पाहा. याच कारखान्यात लोखंडाला केवढी शिस्त! साध्या ब्रॅकेटलाही ड्रॉइंग नंबर, त्यावर रिव्हिजन, बदल करायचा तर तिघांच्या सह्या. टूलरूममधल्या एखाद्याने एकाच ब्रॅकेटची चौदा निरनिराळी ड्रॉइंगे करून चौदा खणांत ठेवली, तर मालक त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढील. कोडच्या बाबतीत तेच करणाऱ्याला मात्र वर्षाअखेरीस बढती मिळते!

मागच्या पावसाळ्यात आम्ही भोसरीतल्या एका लहान कारखान्यात बसलो होतो. हवेच्या कॉम्प्रेसरचे कंट्रोलर तिथे बनतात. ग्राहक चौदा, म्हणून कोडच्या प्रतीही चौदा. पंचविशीतला एक इंजिनिअर दोन प्रती शेजारीशेजारी उघडून ओळीला ओळ लावून पाहत होता. टेबलावर चहाचा कागदी कप, त्यात बुडून मऊ झालेले बिस्किट. फोल्डरांची नावे अशी : 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल खरा', 'फायनल खरा साहेब ओके'. भानगड साधी होती. तेलाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली की कोड तो आकडा शून्याच्याही खाली वाचायचा, तेल गार आहे असे समजायचा आणि कॉम्प्रेसर चालूच ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाचे यंत्र यापायी जाम झाले, तेव्हा तीन ओळी घालून ते दुरुस्त केले गेले. म्हणजे त्या एका प्रतीत. उरलेल्या तेरांना त्या तीन ओळींची खबरबातही नव्हती, आणि आता दुसऱ्या एका ग्राहकाचे यंत्र जळून आले होते.

"किती वेळ लागेल रे?" आम्ही विचारले.

"फिक्स करायला पाच मिनिटं, सर. शोधायला आठवडा."

आठवडाच लागणार होता, कारण प्रती आता एकमेकींना ओळखत नव्हत्या. चौथीत कुणीतरी फंक्शनांची नावे बदलली होती. सहावीत तापमान फॅरनहाइटमध्ये होते, तो ग्राहक निर्यात करायचा म्हणून. आठवीत एका ओळीवर शेरा होता : 'हे काढू नका. का ते विचारू नका.' ज्याने लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. एका आईची चौदा लेकरे, पण कुणाचे तोंड कुणाशी जुळेना.

गावाकडच्या वाचकाला हे चित्र नवे नाही. बापाने विहीर खणली. पोरांनी वाटण्या केल्या, सातबाऱ्यावर पोटहिस्से पडले, बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, विहीर तेवढी सामाईक राहिली. पाणी सगळे ओढतात. पाळीवरून डोकीही फुटतात. पण गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकाला दुसरा भाऊ आठवतो. शेवटी एक जण चिडून स्वतःच्या तुकड्यात बोअर मारतो, त्याचे पाहून दुसरा मारतो, आणि पाच वर्षांत सगळ्यांचेच पाणी खाली जाते. आमच्या कंपन्यांत हेच चालले आहे. सामाईक कोड नाही असे नाही. तो कुणाच्या नावावर नाही, त्याला बजेट नाही, त्याच्या दुरुस्तीचे तास कोणत्या प्रोजेक्टवर टाकायचे हे ठरलेले नाही. मग जो तो आपली प्रत घेऊन वेगळा होतो आणि वेगळ्या चुलीवर तोच करपलेला भात शिजवतो.

1 एप्रिल 2020 आठवा. त्या तारखेपासून देशातल्या नव्या गाड्या बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर गेल्या, मधली पायरी गाळून. स्कूटरपासून ट्रकपर्यंत प्रत्येक इंजिनाच्या कंट्रोलमध्ये एकाच मुदतीत हात घालावा लागला. ज्याच्याकडे एक पाया आणि त्यावर तीस फरक, त्याला पाया एकदा बदलून फरक तपासायचे होते. ज्याच्याकडे तीस प्रती, त्याला तीसदा मरायचे होते. कायदा तुमच्या फोल्डरांची नावे विचारत नाही.

कुणी म्हणेल, ही विद्या अजून आमच्यापर्यंत पोचली नाही. खोटे आहे! 1968 साली जर्मनीत गार्मिश इथे सॉफ्टवेअरच्या अरिष्टावर परिषद भरली, तेव्हाच डग्लस मॅकिलरॉय यांनी भर सभेत मागणी केली होती की कारखान्यात सुटे भाग मिळतात तसे कोडचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. डेव्हिड पार्नास यांनी 1976 साली 'प्रोग्रॅमांचे कुटुंब' ही कल्पना कागदावर मांडली : एकेक प्रोग्रॅम सुटा धरू नका, आधी सगळ्यांत सारखे काय ते पाहा, मग प्रत्येकाचे वेगळेपण. याला पन्नास वर्षे होत आली. पार्नासांचा तो निबंध छापून आला तेव्हा आजचे कित्येक डिलिव्हरी मॅनेजर जन्मलेही नव्हते, आणि निवृत्त होईपर्यंत ते तो वाचणारही नाहीत. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत 'रियूझ'वर पाच मार्कांची टीप येते, गाइडात तिचे उत्तर असते, मुलगा ते पाठ करतो आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी फोल्डर कॉपी करायला शिकतो.

आता प्रतिपक्षाचा एक मुद्दा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात : एकच कोड अनेक यंत्रांत वापरण्याचा एवढा सोस करू नका, त्याने माणसे मरतात, रॉकेटे फुटतात. खरे आहे. फुटले आहे.

4 जून 1996. फ्रेंच गयानातले कुरू. युरोपचे नवेकोरे एरियन 5 रॉकेट पहिल्यांदा उडाले, पोटात चार शास्त्रीय उपग्रह घेऊन. चाळीस सेकंदांच्या आत, पावणेचार किलोमीटर उंचीवर, ते वाकडे वळले आणि हवेच्या माऱ्याने फाटले. ज्याक-लुई लिआँस यांच्या चौकशी मंडळाने दीड महिन्यात अहवाल दिला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा कोड जुन्या एरियन 4 मधून जसाच्या तसा घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित असा एक आकडा 64 बिटांच्या भांड्यातून 16 बिटांच्या भांड्यात ओतला जात होता. या लहान भांड्यात 32,767 च्या पुढे काही मावत नाही. एरियन 4 च्या वाटेवर तो आकडा कधी एवढा मोठा होतच नसे. एरियन 5 ची झेप वेगळी, आडवा वेग सुरुवातीपासूनच कितीतरी जास्त, भांडे ओसंडले. मदतीला जोडीची दुसरी यंत्रणा होती. तीही त्याच कोडवर चालत असल्याने पहिलीच्या काही क्षण आधीच झोपली होती! मग मुख्य संगणकाला जो बिघाडाचा निरोप गेला, तो त्याने उड्डाणाचा आकडा समजून मानला आणि रॉकेटची तोंडे पुरती फिरवली.

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट पुढेच आहे. ज्या गणितापायी हे घडले, त्याचे एरियन 5 ला उड्डाणानंतर काही कामच नव्हते. एरियन 4 च्या काळात उलटी गिनती शेवटच्या क्षणी थांबलीच तर पुन्हा सगळी जुळवाजुळव करावी लागू नये, म्हणून ते उड्डाणानंतरही चाळीसेक सेकंद चालू ठेवत. नव्या रॉकेटला ती गरज नव्हती. तरी ते ठेवले गेले : जुन्यात होते, चालत होते, कशाला हात लावा? धोक्याची अशी सात चले सापडली होती. चारांना संरक्षण दिले, तीन उघडी ठेवली, कारण संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि जुन्या रॉकेटच्या हिशेबाने ती तीन कधी हद्द ओलांडणार नव्हती. आठवीतला शेरा आठवा : हे काढू नका, का ते विचारू नका. भोसरी आणि कुरू यांच्यात अंतर फक्त समुद्राचे.

थेरॅक-25 चेही तसेच. कॅनडात बनलेले हे किरणोपचाराचे यंत्र. 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा बसली, त्यांतले काही दगावले. त्याच्या कोडचा काही भाग आधीच्या थेरॅक-20 मधून आला होता, आणि त्यातली एक चूकही सोबत आली होती. मग जुन्या यंत्राने कुणाला का भाजले नाही? कारण त्यात लोखंडी अडसर होते, स्वतंत्र. चूक झाली की फ्यूज उडायचा. एका विद्यापीठात नवशिके विद्यार्थी यंत्रावर बसले की फ्यूज उडत, लोक हसून नवा बसवत. नव्या मॉडेलात ते अडसर काढून टाकले : सॉफ्टवेअर आहे ना!

तेव्हा प्रतिपक्षाला आमचे उत्तर एवढेच, की या दोन्ही ठिकाणी कुटुंब सांभाळले गेले नाही, फक्त वारसा उचलला गेला. कोड उचलला, कोडच्या पोटातली गृहीतके उचलली नाहीत. तो वेग किती धरून लिहिला, अडसर कुठे आहे असे समजून लिहिला, हे सांगणारा कागद बरोबर गेला नाही. सून घरात आणायची आणि माहेरी तिला कशाची ॲलर्जी होती हे विचारायचे नाही, असला हा प्रकार. (कोड शिस्तीने पसरवता येतो याचे एक उदाहरण आहे म्हणा. फोक्सवागन समूहाने धूर तपासणीत फसवणारे सॉफ्टवेअर आपल्या निरनिराळ्या नावांच्या मिळून सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत नेमाने पोचवले होते. 2015 साली ते उघडे पडले. लबाडीला जमते ते प्रामाणिक कामाला का जमू नये?)

आणि जमते. पुण्याच्या वाचकाला ओळखीचे नाव सांगतो : कमिन्स. 1962 पासून पुण्यात असलेल्या या इंजिनांच्या घराची अमेरिकेतली मूळ कंपनी, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची. 1990 नंतर धुराचे नियम कडक होत गेले, इंजिनांना इलेक्ट्रॉनिक कंट्रोल अटळ झाला आणि 1993 साली त्यांच्यापुढे डझनावर इंजिनांचे कोड एकदम लिहायचे काम उभे राहिले. प्रत्येकाची टीम वेगळी, पद्धत वेगळी, माणसे अपुरी. आमच्याकडे असते तर आणखी शंभर पोरे भरती केली असती आणि शनिवार-रविवार बोलावले असते. त्यांनी काय केले? मे 1994 मध्ये चालू असलेले सगळे प्रोजेक्ट थांबवले. थांबवले! डोक्यावर मुदती, दारात ग्राहक, आणि वरचा साहेब सांगतो की हातातले खाली ठेवा. मग सर्वात पुढे असलेल्या प्रोजेक्टची माणसे विभागली. निम्म्यांनी सर्वांना लागणारा सामाईक पाया लिहायचा, निम्म्यांनी त्या पायावर पहिले इंजिन उभे करायचे. ते इंजिन 1995 साली वेळेवर बाजारात गेले.

पुढे तोच पाया किती ताणला गेला ते बघा. चार सिलिंडरपासून अठरा सिलिंडरपर्यंतची इंजिने, पाच तऱ्हेचे प्रोसेसर, दहा तऱ्हेच्या इंधनप्रणाली. दहा वर्षांच्या आत वीस उत्पादन-गट आणि हजाराहून जास्त निरनिराळे वापर त्यावर उभे राहिले, आणि त्यांच्या कोडचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग सामाईक पायातून येत होता. नव्या इंजिनावर सगळे भाग जुळवून कोड चालता करायला पूर्वी वर्ष लागे, ते काम आठवड्यावर आले. यात चमत्कार काहीच नाही. फरक कोणते ते आधी बसून लिहून काढले, प्रत्येक फरकाला ठरावीक जागा दिली, आणि त्या जागेबाहेर कुणी हात घालायचा नाही असे ठरवले. स्वीडनच्या सेल्सियसटेकने त्याआधी युद्धनौकांच्या यंत्रणांत हेच केले. तिथे खर्चात सॉफ्टवेअरचा वाटा 65 टक्के होता, तो 20 वर आला.

मग आमचे घोडे कुठे पेंड खाते? अकलेत नाही. या दोन-तीन देशांतल्या कंपन्यांचा निम्मा कोड आमचीच मुलेमुली लिहितात असे म्हटले तर ती फुशारकी होईल, पण पुण्यात बसून जगभरच्या गाड्यांचे कोड लिहिणारी हजारो डोकी आहेत हे कोण नाकारील? पेंड आहे बिलात. आमचा धंदा डोकी मोजून चालतो. माणसाच्या दिवसाला दर, जितकी माणसे तितके बिल. एक चूक एका जागी दुरुस्त केली तर एक दिवस. तीच चौदा प्रतींत दुरुस्त केली तर चौदा दिवस, शिवाय चौदांचे टेस्टिंग. शहाणपण केले तर उत्पन्न घटते आणि गलथानपणा केला तर वाढते, अशी तराजूची दांडीच ज्याने वाकवून ठेवली आहे, त्याने नीतीची प्रवचने कुणाला द्यावीत? शेटजी, तुमच्या दुकानात गाळ हाच माल आहे! तो तुम्ही उपसाल कशाला?

ग्राहकही साळसूद नाही. 'आमचा कोड आमचाच हवा, दुसऱ्याशी काही संबंध नको' हा त्याचा हट्ट असतो, आणि सही करताना तो खूश असतो. शेजारच्याच्या यंत्रात सापडलेली चूक आपल्या यंत्रात कधी दुरुस्त होणार, हा प्रश्न त्या करारात कुठे असतो? आणि पोरांनो, तुम्हीही कान धरा. 'माझा मॉड्यूल' 'माझा प्रोजेक्ट' म्हणत दुसऱ्याच्या चांगल्या कोडला हात न लावण्याचा जो सोवळेपणा तुम्ही पाळता, तो पेशव्यांच्या पंगतीतही शोभला असता. त्यात आता कोड लिहून देणारी यंत्रे आली. पूर्वी एक प्रत काढून जुळवायला दोन दिवस लागत, तेवढा वेळ तरी माणसाला मनात लाज वाटायची. आता पंधरावी प्रत चहा गार व्हायच्या आत तयार होते.

आम्ही काय मागतो? मालकांनो, पुढचे तीन महिने नवी प्रत बंद. एकही नाही, मोठ्यातल्या मोठ्या ग्राहकासाठी नाही. त्या तीन महिन्यांत तुमचे जुने जाणते लोक एका खोलीत बसवा. सेल्सवाल्यालाही बसवा, कारण पुढच्या दोन वर्षांत कोणते अवतार विकायचे हे त्यालाच ठाऊक असते आणि नेमके त्यालाच कुणी विचारत नाही. चौदांत सारखे काय, वेगळे काय, वेगळे का, आणि कोणत्या समजुतीवर, हे लिहून काढा. सामाईक कोडला नाव असलेला धनी नेमा. त्याचा पगार सगळ्या उत्पादनांच्या खिशातून वाटणीप्रमाणे कापा, पाणीपट्टी कापतात तसा. कुरकुर होईल, होऊ द्या. त्याची बढती किती ओळी लिहिल्या यावर नको, किती प्रती मिटवल्या यावर ठरू द्या. करार करताना दुरुस्ती डोक्यांवर विकू नका. आणि दोन उत्पादने खरोखरच दूर गेली असतील, एक रुग्णालयात आणि एक वीटभट्टीवर, तर जबरदस्तीने एका पंगतीला बसवू नका. रीतसर वाटणीपत्र करा, तारीख घाला, कारण लिहा, आणि त्यानंतर कोण कुणाची चूक दुरुस्त करणार तेही लिहा. चोरून वेगळी चूल मांडणे तेवढे बंद.

खर्च कुठून आणायचा, असे विचाराल. जळालेल्या कॉम्प्रेसरचे पैसे कुठून आणले होते?

भोसरीतल्या त्या इंजिनिअरला आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा भेटलो. आधीची एक धरून तेरा प्रतींत तीन-तीन ओळी घालून झाल्या होत्या; आठवड्याऐवजी सतरा दिवस लागले. चौदाव्या प्रतीचा मूळ कोड कारखान्यात नव्हताच. तो ज्या पोराच्या लॅपटॉपवर होता तो नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करून गेला, आणि कुणीतरी तो पुसून नव्या रिसेप्शनिस्टला दिला. आता त्या कोडची एकच प्रत जगात उरली आहे : सांगलीकडच्या एका गिरणीतल्या कॉम्प्रेसरच्या पेटीत, चिपवर. गिरणी तीन पाळ्यांत चालते. सेन्सरच्या तारेवर उंदरांचा वावर आहे, असे तिथला ऑपरेटर फोनवर म्हणाला.